रुमालाखालचं जग

मुरगूडच्या बाजारात आम्ही म्हशीचा भाव तोंडानं सांगत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि खाली बोटं बोलतात. शेण उचलता उचलता मी व्यापारी झालो, तो या बोटांच्या जोरावर. रुमालाखाली मी कुणाला फसवलं नाही, पण भावात फुकट एक बोटही सोडलं नाही.

वीस वर्षं माझे बहुतेक सौदे एकाच व्यापाऱ्याशी झाले. तो कोल्हापूरचा मुसलमान, मी मराठा. रुमालाखाली ते कधी आडवं आलं नाही. मग कोल्हापुरात धर्मावरून दगडफेक झाली आणि तो बाजारात यायचा बंद झाला. निरोप नाही, फोन नाही. तो राग माझ्या मनात राहिला. त्या रागातच मी कादंबरी लिहायला घेतली.

पहाटे वेदगंगेवरून धुकं येतं. त्यात म्हशी दिसत नाहीत, त्यांचे नुसते श्वास तरंगतात. तिथंच उभ्या उभ्या मला गोष्ट दिसली. सगळे देव कंटाळून पृथ्वीला दावं लावतात आणि बाजारात आणतात. पुजारी, मौलवी, पाद्री वय ठरवायला तिचे दात बघत भांडत बसतात. शेवटी सगळ्यांचे हात एका रुमालाखाली जातात, कुठलं बोट कुणाचं ते कळेनासं होतं आणि जग एक होतं.

कादंबरी लिहून झाली तशा तिच्या वह्या मी त्या व्यापाऱ्याच्या घरी पाठवल्या. महिन्याभरानं तो धुक्यातून चालत बाजारात आला. वह्या काखेत.

"वाचलीस?"

"वाचली की. मौलवी लई हसवतोय. पाद्री बी झ्याक. तुझा पुजारी तेवढा शाना निघाला."

मी तापलो. "कादंबरी हाय ती."

"सौदा हाय, मालक. हसायला आमचं समदं घेतलंस, तुझं एक बोट सोडलं न्हाईस."

"आन् तू? सांगून तरी जायचंस."

"दगडं पडली तवा मी घरातच हुतो. आठ दिवस दार लावून. तू बी आला न्हाईस की."

इतके दिवस राग जपला, पण त्याच्या दाराशी आपण गेलो नाही हे एकदाही मनात आलं नव्हतं.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. आमच्यामध्ये म्हैस नव्हती, नुसतं धुकं होतं. मी हात आत घातला आणि जन्मात पहिल्यांदा आधी माझं बोट सोडलं. त्यानं ते धरून ठेवलं, बराच वेळ.

वह्या परत घरी आणल्यात. पुजाऱ्याचं प्रकरण नव्यानं लिहितोय. तो आता भलताच तापट आणि हावरा झालाय, नाकही माझंच दिलंय त्याला.