मामंजींच्या तोंडचे शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, लेकीसुनांना नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हाही हात जोडले, डोळे मिटले — आणि भलतंच काहीतरी पुटपुटले. देवाला फसवता येतं का? येत नसेल. पण त्याच्यापुढे गप्प राहता येतं, एवढं मला ठाऊक आहे.

आज तुला सांगते. तुलाच का, ते विचारू नकोस.

खडवलीला आमचं घर भातसा नदीच्या काठावर होतं. आश्विनात पाणी निवळलं की सकाळी नदीवर धुकं उतरायचं, आणि त्या धुक्यातून सागाचे लांबलचक सोट बांबूंना बांधलेले, एकामागून एक, आवाज न करता निघून जायचे. वर माणूस उभा असायचा, पण त्याचे पाय दिसायचे नाहीत. वाटायचं, माणसं पाण्यावर नुसती तरंगत कल्याणला चालली आहेत. मी कमरेवर घागर घेऊन बघत राहायची. घागर भरलेली आहे की रिकामी, हेही विसरायची. कल्याण म्हणजे माझं माहेर. बंदराजवळच्या आळीत आईचं घर. भरतीचं पाणी चढलं की पडावांची शिडं आमच्या परसातून दिसत. खडवलीला काय दिसायचं? भात, रान, आणि पुन्हा रान.

भात हेच आमच्या घराचं खरं काम. लाकूड हा जोडधंदा. पीक घरात आलं की मामंजी आणि त्यांचे दोघे मुलगे — एक माझे यजमान, दुसरे धाकटे गणपतभावजी — रानात जात. झाडं तोडायची, बैलांनी ओढून काठावर आणायची, उन्हाळाभर वाळू द्यायची. पाऊस आला की पुन्हा चिखलात. पूर ओसरला की तराफे सोडायचे. कल्याणला लाकूड उतरे, तिथून पडावांत चढे आणि बाळकुमाच्या अंगाने ठाण्याला जाई. घर चालत होतं. उपाशी कुणी नव्हतं. मग मला कसली घाई होती? — सांगते. थांब जरा.

एका चैत्रात मामंजी ओंडक्यांच्या ढिगाशी टेकून बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, जीभ वळेना. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे. ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. बाकीच्यांना त्यात काही कळत नसे. मलाही आधी कळलं नाही. पण रोज घास भरवताना मी त्यांच्या ओठांकडे बघायची, आणि हळूहळू त्या आवाजात शब्द दिसायला लागले. पाण्यावर धुकं विरळ व्हावं आणि पलीकडचा काठ दिसावा, तसे. पहिल्यांदा मी म्हटलं, "ताक हवंय का, मामंजी?" तर त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्या दिवसापासून ते मला "पोरी" म्हणायला लागले. म्हणजे 'ओई' असं काहीतरी. पण ते 'पोरी'च होतं.

मग सगळे त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलू लागले. "वहिनी, आबा काय म्हणतात?" "अगं, आबांना विचार, बियाणं कुठलं काढायचं?" मी वाकून कान द्यायची, आणि मग सांगायची. तुला खरं सांगू? मला ते आवडत होतं. ज्या घरात सुनेने पुरुषांपुढे मान वर करू नये, तिथे मी घरच्या कर्त्याच्या तोंडाने बोलत होते. आणि बराच काळ मी अगदी खरं बोलले. त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाहीये. उलट — म्हणूनच तर पुढे सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तेव्हा आगगाडी नवी होती आणि लाकडाला मागणी फार. कल्याण बंदरातल्या एका व्यापाऱ्याने यांना सांगितलं, चार महिने लाकूड आणता ते बारा महिने आणा, बंदरावर वखारीला जागा देतो. हे घरी आले ते हवेत चालत. म्हणजे काय करायचं? तर जमीन विकायची, माणसं आणि बैल वाढवायचे, बिऱ्हाड कल्याणला हलवायचं. हे वखार बघणार, आणि भावजींनी बारमाही रानात राहून तोड बघायची.

भावजींना ते पटेना. शेतात त्यांचा जीव. आणि प्रकृतीही तोळामासा. लहानपणी रानातल्या तापाने एकदा जाता जाता वाचलेले. ते म्हणाले, "दादा, भात सोडून माणूस काय लाकूड खातो का?" हे म्हणाले, "अरे, रडत रडत किती दिवस दोन डगरींवर हात ठेवायचे?" भांडण नव्हतं ते. भाऊ एकमेकांवर जीव टाकणारे. शेवटी भावजीच म्हणाले, "आबा सांगतील तसं. ते हो म्हणाले तर माझा शब्द नाही."

आबा सांगतील. म्हणजे — मी.

त्यानंतर आठवडा गेला. त्या आठवड्यात मी स्वप्नात असल्यासारखी वावरले. चुलीपुढे बसले की मला भरतीचं पाणी ऐकू यायचं. आईचा आवाज यायचा, आळीतल्या बायकांचं हसणं यायचं. ते शब्द तोंडातून आपोआप निघून गेले, असं म्हणायला मला फार आवडेल. पण नाही. मी ते आठवडाभर मनात घोळवले होते.

दुपारची वेळ. ओसरीवर मामंजींची बाज. दोघे भाऊ खाली बसलेले, मी उशाशी. यांनी सगळं समजावून सांगितलं. मामंजींनी ऐकलं, आणि मग माझ्याकडे बघून सावकाश बोलले. इतकं स्पष्ट ते आजारपणात कधी बोलले नव्हते. मला कळावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. म्हणाले, "नको. जमीन राहू दे. गणूला रान सोसत नाही."

"काय म्हणतात गं?" यांनी विचारलं.

मी पदर सावरला. म्हटलं, "हो म्हणतात. जमीन विका, वखार घाला. गणूने रान सांभाळावं म्हणतात."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला — घोगरा, तुटका, पुन्हा पुन्हा तेच. डावा हात बाजेवर आपटायला लागले. आणि हे काय म्हणाले असतील? "आबा गहिवरले बघ, गणू." दोघांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी उठून आत गेले. मागे वळून पाहिलं का? नाही. मी ताक घुसळायला बसले.

कल्याणला आम्ही बंदराजवळ राहिलो. ते दिवस मला आजही अर्ध्या झोपेत असल्यासारखे आठवतात. ताज्या सागाचा वास कपड्यांना, केसांना, भाकरीला. दुपारी करवतींचा एकसुरी आवाज, उन्हात उडणारा भुसा, खाडीवरून येणारा खारा वारा. आई दोन आळ्या टाकून. मी सुखात होते. हे सांगायला लाज वाटते, पण सुखात होते. वखार चालली, वाढली. लोक यांना शेठ म्हणायला लागले.

मामंजींची बाज वखारीच्या दारात सावलीला असे. माझ्या हातून जेवत. पण माझ्याशी बोलले नाहीत. 'पोरी' नाही, 'पाणी' नाही. लोक म्हणत, उरलीसुरली वाचाही गेली. गेली नव्हती. एकदा रचलेल्या लाकडांच्या मागे मी उभी होते, आणि ऐकलं — ते एकटेच बोलत होते. एकच अक्षर घासून घासून. "न... न... न..." तो एक शब्द दुसऱ्या कुणालातरी कळावा इतका साफ करत होते. मी तशीच मागे फिरले.

एक दिवस ते यांच्यासमोर तसंच म्हणाले. यांनी कान दिला. "न, न असं म्हणतायत. काय गं?" बघ, तेव्हा दार उघडंच होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. यांना आज ना उद्या कळलं असतं. मी म्हटलं, "नदी म्हणतात. खडवलीची नदी आठवते त्यांना." हे हळवे झाले, म्हणाले, "नेऊ हां आबा, पाऊस सरला की नेऊ." मामंजींनी डोळे मिटून घेतले. त्या दिवसानंतर ते 'न'सुद्धा कधी म्हणाले नाहीत.

पाऊस सरला, आणि रानातून भावजींना डोलीत घालून आणलं. ताप मेंदूत गेलेला. पूर्वी पावसाळ्यात ते घरच्या शेतावर असायचे. आता तोड बारमाही, माणसं रानात, म्हणून तेही गळक्या झोपडीत राहिलेले. मला ओळखलं त्यांनी. "वहिनी, भात पोटरीला आलं असेल ना?" एवढंच विचारलं. कुठलं भात? जमीन केव्हाच दुसऱ्याची झाली होती. मी "हो" म्हटलं. ते गेले.

दिवस झाले, माणसं पांगली. तिसऱ्या प्रहरी मी मामंजींना भरवत होते. हे समोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आणि आयुष्यात बापापुढे आवाज न चढवलेला हा माणूस ओरडला — "तुम्ही सांगितलंत, आबा! तुम्हीच! त्याला नको होतं, मी तुमच्या शब्दावर त्याला रानात धाडलं! का सांगितलंत?"

मामंजी यांच्याकडे बघत होते. तोंड उघडं, घास तसाच. मग त्यांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघत. अजूनही माझीच वाट बघत.

माझ्या हातात वाटी होती. मी वाटीत बघितलं. भात कालवत राहिले.

हे निघून गेले. त्यानंतर बापाच्या बाजेजवळ कधी बसले नाहीत. येताजाता औषधाची चौकशी करायचे, तीही मला. मामंजी पुढच्या शिमग्यापर्यंत होते. रोज माझ्यापुढे तोंड उघडायचे, मी घास घालायची. दुसरं कोण होतं त्यांना? ते गेले तेव्हा यांनी सगळं रीतीने केलं, पण रडले नाहीत. मी रडले. लोकांनी म्हटलं, सून असावी तर अशी.

पुढे सरकारने रानं राखीव केली, धंदा आवळला. तरी वखार टिकली, मुलं हाताशी आली. त्या सगळ्या वर्षांत हे वडिलांचं नाव घ्यायचे नाहीत. श्राद्धाला पानावर बसायचे ते घाईघाईने उठायचे. मी बघायची. शेजारी बसून वारा घालायची.

मग यांचं दुखणं. शेवटचंच होतं ते, दोघांनाही कळलेलं. एका सकाळी ऊन खिडकीतून त्यांच्या पांघरुणावर आलं होतं, खाडीवर कुणीतरी नावाड्याला हाका मारत होतं. हे छताकडे बघत म्हणाले, "मी आबांना फार बोललो गं तेव्हा." मग माझ्याकडे वळून — "ते खरंच हो म्हणाले होते ना? तुला नीट ऐकू आलं होतं ना?"

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"हो," म्हटलं. "नीट ऐकू आलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतरही ते काही दिवस होते. शुद्धीवर होते, बोलत होते, मला जवळ बसवून घेत होते. सांगायला वेळ होता.

मी सांगितलं नाही.