पाण्याखालचा डंपरचा रस्ता

"मॅडम, एक लाइन का तो काम है. 'तल में जीवन नहीं.' साइन करके भेज दीजिए," आमच्या ऑफिसचे साहेब फोनवर म्हणाले. मी तेव्हा अरवलीतल्या एका बंद खाणीच्या तळ्यात, रबरी बोटीत बसले होते. तळं खूप खोल, निळंशार. ते बांधकामाचा मलबा टाकून बुजवायचं ठरत होतं. फक्त माझ्या सहीवाचून अडलं होतं.

तळाशी जीव आहेत का ते तपासणं माझं काम; गेल्या वर्षीचा रिपोर्टही माझाच. आमची पद्धत ठरलेली: तळ्याच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी ग्रॅब सोडायचा. ग्रॅब म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी जबडा. तळाला टेकला की मिटतो, घासभर गाळ वर आणतो. तेव्हा काळा, घाण वासाचा गाळ आला. मी 'निल' लिहिलं आणि घरी जाऊन स्वस्थ जेवले. आजही तसाच गाळ आला.

वल्ही मारणारा रामफल पूर्वी याच खाणीत डंपर चालवायचा. तो नाक दाबून म्हणाला, "यहाँ तो पंप का गड्ढा था जी. सारी गंदगी यहीं उतरती थी."

"तो फिर कहाँ देखें?"

"सड़क पे देखो ना. सड़क तो नीचे ही है."

त्याने बोट कडेकडेने नेली. मी दिवा लावलेला कॅमेरा खाली सोडला. स्क्रीनवर हिरवट उजेडात डंपरचा जुना घाटरस्ता खाली खाली जात होता.

"अब बाएँ मोड़ है," रामफल स्क्रीनकडे न बघता म्हणाला. वळण आलं. "अब कीकर." बुडालेली बाभूळ आली, काट्यांसकट उभी. तिच्या फांद्यांवर हिरवा स्पंज वाढला होता. स्पंज हा प्राणीच. टायरच्या चाकोरीतून गोगलगायी सावकाश चालल्या होत्या. शिंपले गाळात अर्धे रुतून, किंचित तोंड उघडून बसले होते. पारदर्शक कोळंबीचे फक्त डोळे तरंगत गेले. किती वेळ बघत होते कोण जाणे. हे सगळं मी एका शब्दात नाहीसं केलं होतं.

मी साहेबांना फोन लावला. "सर, साइन नहीं होगी. पिछला रिपोर्ट ग़लत है."

"किसका था?"

"मेरा."

"लिखकर देंगी?"

"बिल्कुल."

दिलं. मेमो मिळाला, प्रमोशन गेलं. मलब्याचं काम मात्र रद्द झालं.

त्यानंतर नमुन्याच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतला: 'जागा माहीत असलेल्या माणसाला विचारलं का?' पहिला फॉर्म माझ्याच जुन्या रिपोर्टसाठी भरला. उत्तर लिहिलं, 'नाही.'