दट्ट्या हलका झाला तेव्हा

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणत. तेवीस वर्षं ती पेशी वाढवत होती. दुसऱ्याच्या हातात दोन दिवसांत मान टाकणाऱ्या पेशी तिच्या हातात बाळसं धरायच्या. नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या बाटल्यांत हमखास बुरशी उगवायची, आणि दाई त्याच्याकडे अशी बघायची की त्या पोराला बुरशी परवडली असं वाटावं. आपल्या हाताचा तिला अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती पडत नसे. तेवीस वर्षांत तिच्या एका फ्लास्कमध्ये दुसरी पेशी शिरली नव्हती, हे ती ओळख झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकायची.

काम असं होतं. वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात कुणाच्या पोटाची नाहीतर मांडीची चरबी काढली की ती बर्फाच्या डब्यातून खाली यायची. दाई ती धुवायची, विरघळवायची आणि तिच्यातल्या मूलपेशी वेगळ्या काढायची. पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या या पेशी. चरबी होतील, हाड होतील, कुठे जखम झाली तर भरायला धावतील. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या बाईला तिच्याच पोटाची चरबी भरून नवा स्तन घडवायचा आणि चरबी विरून जाऊ नये म्हणून तीत तिच्याच मूलपेशी मिसळायच्या, अशी चाचणी वरचे सर्जन करत होते. खाली प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना मात्र एका प्रश्नाने झोप नव्हती. जिथे एकदा कर्करोग होऊन गेला, तिथे त्याची एखादी पेशी दडून बसली असेल, तर या मदतीला धावणाऱ्या पेशी नेमकी कुणाला मदत करतील?

म्हणून दाई दोघींना शेजारी ठेवायची. वर जाळीच्या तळाच्या कपात मूलपेशी, खाली कर्करोगाच्या, मध्ये दोघींचं सामाईक पाणी. काहींच्या चरबीने खालच्या पेशी चाळवायच्या, हातपाय पसरायच्या. काहींच्या चरबीने ढिम्म काही व्हायचं नाही. चाचणीतल्या बायकांना हे सगळं आधीच समजावून त्यांच्या सह्या घेतलेल्या होत्या. दुसरा प्रयोग उलटा होता. कर्करोगाच्या पेशी ज्यात वाढल्या ते उष्टं पाणी गाळून रोज मूलपेशींना पाजायचं आणि त्यांचं काय होतं ते बघायचं. हा प्रयोग चार नंबरच्या फ्लास्कमध्ये चालला होता.

नवव्या आठवड्यात, एका सोमवारी, दाईने चार नंबर सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मूलपेशी लांबट असतात, एका दिशेने निजलेल्या. इथे कोपऱ्यात गोल, टणक पेशींची बेटं उगवली होती, एकमेकींच्या अंगावर चढलेली. तिने मॅडमना हाक मारली. मॅडम बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, की उष्टं पाणी पिऊन या पेशी स्वतःच कर्करोगाच्या झाल्या असाव्यात. तसं असेल तर कर्करोग नुसता मदत घेत नाही, मदत करणाऱ्यालाच आपल्यासारखा करून टाकतो. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर पत्र गेलं: उलगडा होईपर्यंत एकाही बाईला या पेशी द्यायच्या नाहीत.

चाचणीच्या यादीत सात बायका होत्या. चौथी दाईची नणंद होती.

नणंद शाळेत कवायत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला, तेव्हापासून ती आत स्पंजची गादी घालायची. एकदा साठ मुलांसमोर दोन्ही हात वर केले आणि गादी सरकून गळ्याशी आली. ही हकिकत तिने घरी अशी रंगवून सांगितली की सगळे पोट धरून हसले. भांडी घासताना मात्र ती दाईला म्हणाली होती, की त्या दिवसापासून ती हात खांद्याच्या वर नेत नाही, मुलांना नुसतं तोंडाने सांगते. ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. शाळेची रजा मंजूर झाली होती, पिशवीसुद्धा भरून झाली होती. तारीख गेल्याचा फोन आला तेव्हा ती बरं म्हणाली, आणि मग दाईला फोन करून तासभर दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहिली.

मंगळवारी दाई उष्टं पाणी गाळायला बसली. सिरिंजच्या तोंडाशी छोटा चकतीसारखा फिल्टर लावायचा आणि दट्ट्या दाबायचा. एकही पेशी पार होणार नाही इतकी त्याची भोकं बारीक, म्हणून दट्ट्या जड जातो, अंगठा दुखून येतो. तो अंगठा दुखला आणि दाईच्या मनात पाल चुकचुकली.

आठ आठवड्यांपूर्वी, प्रयोगाच्या पहिल्याच दिवसांत, दट्ट्या असाच अडला होता. तिने जोर दिला आणि तो एकदम हलका झाला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. फिल्टर तुंबला की असं होतं. जास्त जोर दिला तर आतला पापुद्रा फाटतो, आणि पाणी न गाळताच खाली उतरतं. पेशी खाली बसाव्यात म्हणून ते पाणी आधी यंत्रात फिरवून घेतलेलं असतं, पण एखादी राहतेच, आणि कर्करोगाची एक पुरते. ते पाणी फेकून पुन्हा गाळायला हवं होतं, चाळीस मिनिटांचं काम. पण तीनला पहिल्या तपासणीत सर्जन नणंदेच्या पोटावर पेनाने खुणा करणार होते, नणंदेने सोबत मागितली होती, आणि अडीच वाजले होते. दाईने पाणी फ्लास्कमध्ये ओतलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

मंगळवारी हे सगळं आठवल्यावर तिने सिरिंज खाली ठेवली. मग ती स्वतःशीच वाद घालू लागली. पापुद्रा फाटलाच होता हे कशावरून? आपला हात इतका कच्चा नाही. मॅडमचा अंदाज खरा असेल तर? दोन दिवस ती मूग गिळून बसली. त्या दोन दिवसांत मॅडमनी परदेशातल्या तिघांना फोन केले आणि दाईला मिठी मारली, जे तेवीस वर्षांत घडलं नव्हतं.

गुरुवारी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला, मग लाल झाला. खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं. दाई म्हणाली, "खात्री असती तर मंगळवारीच सांगितलं असतं. तपासून घ्या."

तपासायचं म्हणजे पेशींची ओळखपरेडच. चार नंबरमधल्या पेशींचा डीएनए एकीकडे, चरबी देणाऱ्या बाईचा आणि कर्करोगाच्या पेशींचा दुसरीकडे, कुणाशी जुळतो ते पाहायचं. नमुने बाहेर गेले. अहवालाला दहा दिवस लागणार होते. दाईचा जीव टांगणीला लागला. तिला जेवण जाईना. ती सकाळी आठला फ्लास्क बघायची, दहाला पुन्हा बघायची, आणि विद्यार्थी तिच्या वाटेलाच जाईनासे झाले. नणंद रोज फोन करून विचारायची, "वहिनी, काही कळलं?" वहिनी रोज नाही म्हणायची.

अकराव्या दिवशी मॅडमनी कागद तिच्यासमोर ठेवला. बेटं कर्करोगाच्याच पेशींची होती, बाहेरून शिरलेली. मूलपेशी पालटल्या नव्हत्या. जुना प्रश्न होता तिथेच होता, पण नवं भूत उतरलं होतं. वरच्या मजल्यावर पत्र गेलं, बायकांना नव्या तारखा मिळाल्या. दाईचे फ्लास्क एका विद्यार्थ्याकडे गेले, आणि तिला सहा महिने काचसामान धुवायच्या खोलीत बसायला सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, की सांगितलंत ते चांगलं केलंत, आणि दाराकडे बघत राहिल्या.

दुपारी दाई शाळेत गेली. नणंद खेळाच्या सामानाच्या खोलीत जाळी गुंडाळत होती. दाईने फिल्टरपासून तारखेपर्यंत सगळं सांगितलं. नणंदेने जाळी टाकली आणि तिला घट्ट मिठी मारली. काचसामान धुवायच्या खोलीवरून तिने थट्टाही केली, की आता भांडी आमच्याकडेही घासून जा. ती हसत होती, आणि दाई तिच्या मिठीत लाकडासारखी उभी होती.

"आणखी एक सांगायचंय," दाई म्हणाली. "दहा दिवस मी मागत होते, की पेशी खरंच पालटलेल्या निघाव्यात."

नणंदेने हात सोडले.

"म्हणजे माझं ऑपरेशन कायमचं रद्द व्हावं."

"हो. माझी चूक निघू नये म्हणून. तुझा फोन आला की लाज वाटायची, आणि फोन ठेवला की पुन्हा तेच मागायचे."

नणंदेने जाळी उचलली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. टोक सुटलं, तिने पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर मुलं रांगेत उभी राहत होती.

"मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. "कशाला सांगितलंस?"

"तू मिठी मारलीस म्हणून."

घंटा झाली. नणंदेने शिट्टी गळ्यात अडकवली, जाळी कोपऱ्यात ठेवली आणि दारात थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"माझ्या तारखेपर्यंत मला फोन करू नकोस," ती म्हणाली. "मला तुझा आवाज ऐकायचा नाहीये. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला ये. दादाला पाठवू नकोस. तू ये."