कान सुकला त्या वर्षी

मी बी.ए. झालो तो बाळाराममामांमुळे. वडील गेल्यावर आईला आणि मला वज्रेश्वरीजवळच्या गावातून भिवंडीला आणणारे तेच, आणि स्वतः लूमवर उभे राहून मला नाशिकच्या कॉलेजात धाडणारेही तेच.

मामांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. वाया गेलेल्या सुताचा बोळा त्यात कोंबून ते कामावर जात. शेजारच्या लूमवरचे शफीकभाई ओरडत, "अरे बालाराम, डॉक्टर को दिखा!" मामा म्हणत, "घान भायेर जाते ना, जाऊं दे. आत राहिली तं वाईट." ऐकू कमी येतं म्हटलं, की हसत. "लूमवाल्याला आयकू येत आसल, तं शेट इचारल, कामाव व्हतास का घरी झोपला व्हतास?" कारखान्यात सगळ्यांचेच कान गेलेले. त्यात कोणाला आजार दिसला नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, माघात, तो कान अचानक सुकला. मामीचा नवस होता. तिने सगळ्यांना वज्रेश्वरीला नेलं, नारळ फोडला, मामांना गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायला लावली. परतताना बसमध्येच मामांचं डोकं दुखू लागलं. "ऊन लागला," मामी म्हणाली.

होळीला मी घरी आलो तरी डोकं दुखतच होतं. ओकाऱ्याही होत होत्या. चहाच्या कपाकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "तो धोटा दे." धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. मामी हसली, "घरात पन लूमच दिसतंय का?" मामा हसले नाहीत. कपाकडे बघत राहिले, ओठ हलवले, आणि पुन्हा म्हणाले, "धोटा." त्यांचे डोळे भरून आले.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, की कान बरा झालाच नव्हता. बाहेरची वाट बंद झाली आणि आतला पू हाड पोखरून मेंदूत साठला. कानातले जंतू तिथवर क्वचितच जातात. मामांचे गेले, आणि शब्द सापडण्याची जागाच त्यांनी धरली. मामी एवढंच बोलली, "आन मी नारल फोडला."

कवटीला भोक पाडून पू काढला. शुद्धीवर आल्यावर मामांनी मला ओळखलं. परीक्षा तोंडावर होती. मी म्हणालो, यंदा बसत नाही. त्यांना बोलता येईना. मग त्यांनी तळहात पुढे-मागे हलवला. लूमच्या खडखडाटात कामगार खुणांनीच बोलतात. या खुणेचा अर्थ, लूम बंद करू नको.

मी नाशिकला गेलो. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी त्यांना पत्र टाकलं. ते पोचण्याआधी पू पुन्हा साठला आणि मामा गेले. शफीकभाईंनी माझंच पाकीट न फोडता माझ्या हातात ठेवलं.

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. पेपर संपले, बरे गेले. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतात, पण सावकाश. घाई करू नका. मामीला रात्री घरी झोपायला पाठवा, आता मी बसेन तुमच्याजवळ. तुम्ही नुसतं बोलत राहा. काहीही म्हणालात तरी मला कळतं."