साडभाऊंचं डाकोटा

माझ्या साडभाऊंना या जगात एकही वस्तू सरळ दिसलेली नाही. सौसरला पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे फूटपट्टी त्यांच्या डोळ्यांतच बसलेली. चहाला आले की आधी कप टेबलावर डुलतो का ते बघायचे, मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारून ते स्थिर करायचे आणि तोवर निवलेला चहा "थंड झाला जी" म्हणून परत करायचे. लग्नाच्या पंगतीत बसले तर मांडवाचा कुठला खांब झुकलाय ते यजमानाला ऐकवणार आणि वाढपी येईस्तोवर स्वतःच उठून त्याला वीट लावणार. लोक त्यांचं ऐकवणं लक्षात ठेवत, वीट विसरत. चुका काढणारे गावोगाव असतात. काढलेली चूक नीट होईपर्यंत ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस मी हा एकच पाहिला.

या गुणापायी त्यांचं सासर तुटलं. आमचे सासरे पांढुर्ण्याचे, हवाई दलात डाकोटा विमानांची डागडुजी करण्यात उमेदीची वर्षं घालवलेले, ताठ मानेचे. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं घर बांधलं. गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना आटोपून पाहुणे खीर खात होते, तेवढ्यात साडभाऊंनी खिशातून ओळंबा काढून दाराला लावला. "बाबा, चौकट बोटभर कलली जी." पाहुण्यांचे चमचे थांबले. सासरे शांतपणे म्हणाले, "मंग ह्या वाकड्या दारातून येत नका जाऊ तुम्ही."

झालं. साडभाऊ पुन्हा गेले नाहीत आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, तीही माहेरी गेली नाही. "त्याइले सोडून मी एकटी काहून जाऊ?" एवढंच म्हणायची. पण मी पांढुर्ण्याहून परतलो की पाण्याचा पेला देता देता हळूच विचारायची, "बाबा जेवतात ना बरोबर?"

सासऱ्यांना साठ वर्षं पुरी होणार होती, तेव्हा मी नागपूरहून त्यांच्यासाठी एक खोका आणला. आत प्लास्टिकचे सुटे भाग, ते चिकटवले की हातभर डाकोटा विमान तयार. तो आधी साडभाऊंना दाखवला, तर त्यांनी खोका उघडून भाग वर्तमानपत्रावर पसरले आणि डोक्याला हात लावला. "मास्तर, हे बाबांले देऊन राहिले तुम्ही? पाहूनच फेकून देतीन ते." विमानाच्या पोटाचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नव्हते, पंख पाटीसारखे सपाट होते. खोक्यावरच्या चित्रात विमान नाक वर करून ऐटीत उभं, पण आतल्या चाकांचे पाय इतके आखूड की ते बसलेल्या म्हशीसारखं दिसलं असतं.

मग साडभाऊंना तहान राहिली नाही की भूक. पोटाच्या भेगेत त्यांनी रंगाऱ्याची लांबी भरली आणि पॉलिश पेपरनं ती घासून गुळगुळीत केली. टूथब्रशच्या दांड्यातून चाकांचे नवे पाय कोरले. वायरलेसच्या काडीसाठी फणीचा दात हवा होता, तर ताईनं आपली फणी स्वतःच आणून मोडून दिली. घोडं अडलं ते पंखांवर. ते कुठून आणि किती वर उचललेले असतात, हे चित्रात कळत नव्हतं आणि सांगू शकणारा आमच्या माहितीत एकच माणूस होता.

"तुम्ही विचारून या," साडभाऊ मला म्हणाले. "मी विचारलं म्हणू नका पण."

पांढुर्ण्याला जाऊन मी जयभीम केला, हवापाण्याचं बोललो आणि सहज आठवल्यासारखं विचारलं, "बाबा, डाकोटाचे पंख सपाट असतात का हो?"

सासऱ्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. "जवाईबापू, तुम्ही भूगोल शिकवता. हा सवाल तुमच्या डोक्यातला नाही."

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी दोन्ही हात पसरले. "इंजिनापर्यंत सपाट. तिथून पुढचा पंख वर उचलते." आणि मी उठता उठता म्हणाले, "त्याले विचारा, चाकं मिटल्यावर पुरी आत जातात काय?"

ती परीक्षा मी सौसरला पोचवली. साडभाऊंनी खोक्यावरचं उडत्या विमानाचं चित्र भिंगाखाली धरलं आणि निरोप दिला, "अर्धी बाहेर राहतात." पुढच्या रविवारी तो ऐकून सासरे खूश झाले, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "बरोबर सांगून राहिला. पण पंख किती वर, ते तोंडानं सांगता येत नाही. घेऊन या म्हणा."

"विमान?"

"विमान काय एकटं येते?"

साठीच्या दिवशी साडभाऊ आणि ताई आले. सासरे आणि साडभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे न बघता ओसरीवर बसले. मधे मेणबत्ती, तिच्या धगीवर वाकवायला धरलेला पंख. "थांबा", "अजून राईभर", "जाळता काय आता", असं दुपारभर चाललं. आत ताई आईजवळ बसून वांगी चिरत होती आणि उगाच हसत होती. उन्हं उतरली तेव्हा डाकोटा नाक वर करून उभं होतं. ताईनं परतायची पिशवी भरली. सासऱ्यांनी विमान तळहातावर घेतलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "शेपटी डावीकडे कलली हाय. असं अर्धवट टाकून जाता येत नाही."

ती शेपटी साडभाऊंनी घरी काटकोनाचा गुण्या लावून माझ्यासमोर तपासली होती. त्यांनी विमान हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. मग सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"हो जी," ते म्हणाले. "कलली हाय. दोन-चार दिवस लागतीन."

ताईनं भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. विमान ताईच्या घरी काचेच्या कपाटात असतं. गेलो की मी वाकून, डोळा बारीक करून ती शेपटी बघतो. मला ती सरळच दिसते. तसं म्हटलं की साडभाऊ चष्मा पुसतात, विमानाकडे न बघता खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "कलली हाय जी, मास्तर. थोडी. तुम्हाले नाही दिसत."