थिओलाबाईंची टाच

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या दक्षिण भागातल्या, काळ्या लोकांच्या त्या विटांच्या चर्चमध्ये पांढरे कपडे, पांढरे हातमोजे घालून पहिल्या बाकावर बसायचा मान चारच म्हाताऱ्यांना होता, आणि गाणाऱ्याला दाद म्हणून ‘आमेन’ केव्हा म्हणायचं हे त्या चौघींपैकी थिओला ग्रिग्जबी ठरवत. आपण देवाच्या बरोबरीच्या आहोत असं त्यांना अजिबात वाटत नसे. पास्टरच्या जरा वर, एवढंच.

बावीस वर्षं त्यांनी चर्चचा गायकवृंद, म्हणजे कॉयर, चालवला. आठवडाभर शाळेत भूमिती शिकवायची, रविवारी सूर. दोन्हीकडे पद्धत एकच, चूक दिसली की ठेचायची. हातवारे करून ताल देणं त्यांना नाटकी वाटे. त्या उजव्या बुटाची टाच लाकडी जमिनीवर आपटत, आणि चाळीस गळे त्या टाचेमागून मुकाट चालत.

या टाचेच्या राज्यातूनच त्यांनी रोझेल टेटला हाकललं होतं. तेव्हा तो चौदा वर्षांचा. एका जुन्या भजनाच्या शेवटच्या ओळीत त्याने सूर असा काही वाकवला, खाली नेऊन रडवला आणि परत आणला, की तो गुत्त्यातच शोभावा.

“हे थेर इथे चालायचे नाहीत,” त्या कडाडल्या. “माझ्या तोंडून तुला जन्मात आमेन मिळणार नाही!”

रोझेल गुत्त्यात गेला, तिथून रेडिओवर, आणि पंचवीस वर्षांनी रिदम अँड ब्लूजचा नावाजलेला गायक होऊन परत आला. कशाला, तर गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भजनांची, तबकडी करायला. याच चर्चमध्ये, याच कॉयरबरोबर, शनिवारी दुपारी, सगळ्या मंडळींसमोर.

“आता तरी सोड गं,” चर्चच्या तळघरात पीच कॉबलरचं गोड वाढून घेताना आयडेला म्हणाली. ती बाकावरची शेजारीण. “आईसाठी करतोय तो. गेल्या हिवाळ्यात गेली बिचारी.”

“मला सांगतेस? शवपेटीशी मीच उभी होते.”

“मग म्हण की एक आमेन. काय झिजणार आहे तुझं?”

“शब्द दिलाय मी.”

“तुझ्या शब्दाला आता दाढी आली, थिओला. पांढरी!”

शनिवारी ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या खेपेला थिओलाबाईंनी मिठाची गुळणी धरली. त्यांचं बघून बाकावरच्या तिघींनी, आणि तिघींचं बघून अख्ख्या चर्चने. समोरून साद आली नाही की इथला गाणारा विहिरीत एकटाच ओरडल्यासारखा गातो. रोझेल तस्साच गायला. ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कहून आलेला गोरा तरुण मात्र बेहद्द खूश. “काय शिस्तीचे लोक आहेत!” तो म्हणाला. थिओलाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा शिस्तीची लाज वाटली. फार नाही, चवीपुरती.

रोझेल घाम पुसत बाकासमोर आला. “मिस थिओला, आणखी एकदा गातो. नाही जमलं तर सगळं गुंडाळून घरी जाईन.”

“गाण्याकडे लक्ष दे. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?”

“लहानपणापासूनची सवय आहे, मॅम.”

आणि त्याने नेमकं तेच भजन उचललं. शेवटची ओळ आली. सूर वाकला, खाली गेला, आईला हाक मारत तिथेच थांबला. थिओलाबाईंनी ओठ घट्ट मिटले, हातमोज्यांत मुठी आवळल्या. सगळीकडे बंदोबस्त केला. टाच तेवढी विसरल्या.

ठक्!

ड्रमपेक्षा चांगलीच संथ. पण त्या टाचेखाली वाढलेल्या चाळीस गळ्यांनी ड्रमवाल्याला तिथल्या तिथे सोडलं आणि टाच धरली. ड्रमवाला बावचळला, मग तोही निमूट मागून आला. ठक्. ठक्. “गा रे माझ्या राजा!” आयडेला ओरडली. रोझेलने तीच ओळ सात वेळा घेतली. लोक उठून उभे राहिले, रडले, नाचले. आणि थिओलाबाई तोंड मिटून, शब्द पाळत, जमीन फोडत बसल्या.

गाणं संपलं तसा तो गोरा तरुण बाजूच्या खोलीतून धावत आला. “बाकाजवळच्या माइकमध्ये ठोकाठोक आलीय. पुन्हा घ्यायचं?”

“खबरदार!” रोझेल म्हणाला.

“माझ्या बुटाचा खिळा वर आलाय,” थिओलाबाई घाईघाईने म्हणाल्या.

“हो मॅम. मी चौदाचा होतो तेव्हाही आला होता.”

थिओलाबाईंचे कान तापले. म्हणजे या कार्ट्याने तेव्हाच ऐकलं होतं! त्याच्या गुत्त्यातल्या सुरावर देवाच्या घरात आपलीच टाच नाचली, म्हणून तर त्याला हाकललं. आणि पंचवीस वर्षं हे फक्त आपल्याला नि देवाला ठाऊक आहे अशा समजुतीत त्या बसल्या होत्या. भूमितीच्या बाई! एवढी साधी सिद्धता त्या पोराने पहिल्याच दिवशी मांडली होती.

“आमेन, मेल्या,” त्या म्हणाल्या. मग दचकून, “ते यंत्र बंद आहे ना?”

बंद नव्हतं. तबकडीची पहिली बाजू याच प्रश्नावर संपते.