धुराची सवय

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या श्वासनलिकेचं आतलं अस्तर बशीत वाढवतात. त्यावरचे बारीक केस सूक्ष्मदर्शकाखाली वाऱ्यावरच्या गवतासारखे सतत हलताना दिसतात. कफ आणि धूळ वर ढकलणं हे त्यांचं काम. त्यांच्यावर यंत्रानं सिगारेटचा धूर सोडायचा आणि काय होतं ते बघायचं, हे माझं काम.

घरी कसबा बावड्यात आबा, म्हणजे माझे वडील, सिगारेट ओढून सकाळभर खोकायचे आणि दोष साखर कारखान्याच्या धुराड्याला द्यायचे. एकदा मी भडकलेच. "आबा, माझ्या बशीतल्या केसांनी कारखाना बघितलेला पण नाही, तरी सिगारेटच्या धुरानं ते गार पडले."

"त्यास्नी सवय न्हाय," आबा म्हणाले. "मला हाय की!"

म्हटलं, सवयच लावून बघू.

पुढच्या प्रयोगात आम्ही एकाच अस्तराला रोज थोडा थोडा धूर दिला. काही आठवड्यांनी बघितलं, तर नव्या धुरानं काहीच फरक पडत नव्हता. बहुतेक केस झडून गेले होते, कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र दाटीनं वाढल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. "तुमचं बरोबर होतं. सवय होते, केस गेले की."

आबांनी हातातल्या सिगारेटची राख झटकली. मग म्हणाले, "आन मग कफ वर ढकलतंय कोण?"

"तुमचा खोकला," मी म्हटलं.